ब्रेक ऑइल किती वर्षांनी बदलायचं? (कन्नडच्या घाटात पेडल खाली गेलं, त्यानंतरचे प्रश्न)

अंबाजोगाई_ते_सिडको

मंडळी, जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची. २०१४ ची डिझेल हॅचबॅक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. अंबाजोगाईला पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. शेतात, योगेश्वरीला आणि महिन्यातून एकदा लातूरला दवाखान्यात, एवढंच तिचं फिरणं. इतक्या वर्षांत जेमतेम ४१ हजार किलोमीटर. मी संभाजीनगरला नोकरीला, माझ्याकडे बुलेट. मे महिन्यात मावसभावाचा साखरपुडा धुळ्याला होता, म्हणून अण्णांची गाडी आणली. पाच माणसं, डिकी गच्च, बाहेर ऊन मी म्हणत होतं.

कन्नड सोडून घाट उतरायला लागलो. पुढे भरलेला टेम्पो, ओव्हरटेकला जागा नाही. मी तिसऱ्या गिअरमध्ये आणि पाय ब्रेकवरच. निम्मा घाट उतरल्यावर जळका वास आला. मला वाटलं टेम्पोचा असेल. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय गादीवर ठेवल्यासारखा आत गेला. पुन्हा दाबला, थोडा लागला. तिसऱ्यांदा पार खाली. गाडी दुसऱ्यात टाकली, हॅंडब्रेक हळूहळू ओढला आणि कठड्याच्या बाजूला कशीबशी थांबवली. मागे बसलेली मावशी तुळजाभवानीचं नाव घेत होती, बाकी कुणी बोलत नव्हतं.

गंमत पुढे आहे. चाळीस मिनिटं थांबलो, पाणी प्यालो, पेडल दाबून पाहिलं तर एकदम नेहमीसारखं कडक! हळूहळू खाली उतरलो. चाळीसगावात मेकॅनिकला दाखवलं. चाकाशी घासून गाडी थांबवणारे पॅड ठीक, लायनर ठीक, कुठे गळती नाही. मग त्याने ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं काहीतरी. म्हणाला, "हे कधी बदललं होतं?"

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "ते बदलायचं असतं का? कमी झालं की टाकतात. आणि गाडी फिरते कुठे रे आपली?" घरी जाऊन सगळी बिलं काढली. इंजिन ऑइल दरवर्षी, वायपर दोनदा, एका बिलात तर गाडीतलं अत्तरसुद्धा लावलंय. ब्रेक ऑइल मात्र फक्त एकदा, तेही "टॉप अप".

तर प्रश्न असा की हे किती किलोमीटरला बदलायचं असतं? घरी करता येतं का? आणि गेलेला ब्रेक परत आला कसा?

---

निवृत्त_फिटर

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण त्यातच सगळं आलं.

तुमचं ब्रेक ऑइल उकळलं. त्याची वाफ झाली. पातळ पदार्थ दाबला तरी आकसत नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर थेट चाकापर्यंत जातो. वाफ मात्र दाबली की आकसते. पाय खाली जातो, जोर वाफेतच जिरतो, चाकापर्यंत काही पोहोचत नाही. थांबलात, चाकं निवली, वाफेचं पुन्हा पातळ झालं, पेडल कडक. बिघाड गेला असं समजू नका. तो तिथंच बसलाय, पुढच्या घाटाची वाट बघत.

दुसरा प्रकारही असतो. पॅड-लायनर तापून गुळगुळीत होतात. त्यात पेडल कडकच राहतं, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ म्हणजे ऑइलची बाजू, पेडल कडक पण गाडी पळतेय म्हणजे लायनरची बाजू. घाटात एवढं ओळखता आलं तरी पुरे.

मी एसटीच्या डेपोत ३१ वर्षं काढली. आमच्या गाड्यांना हवेचे ब्रेक, तिथं हवा भरायची. तुमच्या गाडीतून हवा काढायची. पण वैरी दोन्हीकडे एकच, पाणी. हवेच्या टाकीत पाणी साचतं म्हणून आम्ही टाकीखालचा कॉक उघडून ते सोडायचो. कॉक उघडला की फुस्स करून गढूळ पाणी बाहेर. तुमच्या छोट्या गाडीला असा कॉक नाही. पाणी ऑइलमध्येच विरघळून बसतं. ते काढायचं तर सगळं ऑइलच काढावं लागतं.

किलोमीटरचं विचारलंत. किलोमीटर विसरा. दोन वर्षं झाली की बदला, गाडी फिरो नाहीतर शेडमध्ये उभी राहो.

---

कोरडवाहू_लातूर

फिटर काका, मान हाय तुमचा. पण माझी जीप २००५ ची हाय. आजपतुर ब्रेक ऑइल बदललं न्हाई, निस्तं टाकत आलोय. उसाचं बेणं, सोयाबीनचे कट्टे, लग्नाची वऱ्हाडं, समदं वाहिलं. काईबी झालं न्हाई. शहरातली लोकं उगी भ्याव दाखवूलाले. शोरूमवाल्याला बिल फाडायला कायतर पायजे ना!

---

निवृत्त_फिटर

लातूरकर, तुमच्या गावाहून शेताला जाताना घाट किती लागतात?

---

कोरडवाहू_लातूर

एकबी न्हाई. सपाट.

---

निवृत्त_फिटर

मग झालं तर.

---

परभणीचा_मास्तर

विज्ञान शिकवतो, म्हणून राहवत नाही. घाटात चाकात किती उष्णता जाते याचा हिशेब दहावीच्या सूत्रात बसतो.

गाडी माणसांसकट १,३०० किलो धरा. ३०० मीटर उंचीवरून खाली आली. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे साधारण ३८ लाख ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. थोडक्यात १,००० वॅटची शेगडी तासभर चालवली तर जेवढी उष्णता, त्याहून किंचित जास्त. पण तुम्ही तासभर घेत नाही. पंधरा मिनिटांत उतरलात तर एका वेळी चार शेगड्या पेटवल्यासारखं होतं. चार चाकं, चार शेगड्या. प्रत्यक्षात पुढच्या चाकांकडे जास्त वाटा जातो.

ही सगळी उष्णता ब्रेकनेच झेलावी असं काही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन घेतं. धागाकर्ते तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि पाय कायम ब्रेकवर, म्हणजे शेगडी एक क्षणही विझली नाही. आमच्याकडे काही महाभाग डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरतात. त्यांच्या चारही शेगड्या फुल्ल. काहीजण तर इंजिनही बंद करतात. मग बूस्टरमधली (इंजिन चालू असताना पायाचा जोर वाढवणारा डबा) उरलेली पोकळी दोन-तीनदा दाबण्यात संपते आणि त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. तो वेगळाच यमाचा रेडा.

---

एमएच२१_जालना

मास्तर, हिशेब पटला. पण एक शंका. पाणी येतं कुठून? कोकणात, मुंबईत ठीक आहे, तिथं चपलांनाही बुरशी धरते. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळत घातलेला कपडा अर्ध्या तासात कडक होतो. इथल्या हवेत पाणी असतं तर आपण टँकरची वाट बघत बसलो असतो का? दोन वर्षांचा नियम दमट मुलखासाठी असेल. मराठवाड्यात पाच वर्षं चालायला हवं.

---

वाळूजवाला

मी वाळूजला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कुठल्या ते सांगत नाही, इथं जे लिहितोय ते माझं मत, कंपनीचं नाही.

जालनाकरांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. कोरड्या हवेत ऑइल पाणी सावकाश ओढतं, हे खरं. पण तीन गोष्टी धरा. एक, आपला पावसाळा. जुलै ते सप्टेंबर आपलीही हवा दमटच असते, पाऊस पडो न पडो. दोन, पाणी फक्त झाकणातून जात नाही. चाकाजवळचे रबरी होज पाइप बाहेरून कोरडे दिसतात, पण त्यांच्या भिंतीतून वाफ हळूहळू झिरपते. झाकण घट्ट ठेवून ते थांबत नाही. तीन, पहिलं थोडंसं पाणीच सगळ्यात जास्त नुकसान करतं. उकळबिंदू सुरुवातीलाच धाडकन खाली येतो, नंतर सावकाश उतरतो.

आकडे सांगतो, हे मानकातले आहेत. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा. नवं कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, डॉट ४ हे २३० पर्यंत, डॉट ५.१ हे २६० पर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हेच किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. घाटात तापलेल्या कॅलिपरला (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) १४० म्हणजे काहीच नाही.

खरा घोळ मात्र नावात आहे. आपण सगळे त्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो, म्हणून डोकं इंजिन ऑइलच्या वाटेने जातं. किलोमीटर मोजायचे, कमी झालं की भरायचं, काळं झालं की बदलायचं. पण ते तेल नाहीच. ग्लायकॉल जातीचं रसायन आहे ते, पाण्यात साखरेसारखं मिसळतं. तेल पाण्यावर तरंगतं, हे पाणी पिऊन घेतं. आणि ते मुद्दाम तसंच ठेवलंय. पाणी मिसळलं नसतं तर थेंब होऊन कॅलिपरच्या तळाशी बसलं असतं आणि तिथंच १०० अंशांच्या आसपास उकळलं असतं, तिथंच गंज धरला असता.

अण्णांची गाडी फिरत नाही म्हणून तिचं ऑइल ताजं राहिलं नाही. ते शेडमध्ये उभ्या उभ्या म्हातारं झालं.

---

नांदेडची_स्वारी

+१. आणि लोक खरंच तेल समजून काय काय ओततात! माझ्या चुलत्याने माहूरच्या रस्त्यावर ऑइल कमी दिसलं म्हणून पॉवर स्टीअरिंगचं तेल टाकलं. दोन दिवसांत ब्रेक सुटेनात, चाकं जाम. आतली सगळी रबरं फुगून गेली होती. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा), चारी चाकांची रबरांची किटं, होज पाइप, सगळं बदललं. शंभर रुपयांचं ऑइल वाचवायला गेला आणि हजारोंचं बिल घेऊन आला.

---

वाळूजवाला

हो, असलं खनिज तेल एक चमचाभरही रबरं फुगवायला पुरतं. ऑइल कमी दिसलं आणि जवळ योग्य बाटली नसेल तर काहीच ओतू नका.

आणि कमी झालं म्हणून लगेच टाकायचीही घाई नको. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, डबीतली पातळी तेवढी उतरते. ते साहजिक आहे. त्यावर वरून भरलं की नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलतात तेव्हा ते ओसंडून वाहतं आणि बॉनेटच्या रंगाची साल काढतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. पातळी एकदम उतरली असेल किंवा पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ती गळती. चाकांच्या आतून बघा.

---

धाराशिवची_डॉक्टर

प्रश्न विचारू का? विषय तोच आहे. माझी ड्युटी तुळजापूरला, रोज येणं-जाणं. गेल्या आठवड्यापासून सिग्नलला ब्रेक दाबून थांबले की पेडल सावकाश, अगदी सावकाश खाली जातं. सोडून पुन्हा दाबलं की वर. घाटातच नाही, सपाटीवरही. डबीतलं ऑइल कमी झालेलं नाही. हेही पाण्यामुळेच का?

---

निवृत्त_फिटर

डॉक्टर ताई, नाही, हे वेगळं दुखणं. बाहेर गळती नाही, पातळी कायम, तरी पाय सावकाश बसतोय, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय. ऑइल पुढे न जाता रबराच्या कडेने मागे डबीत येतंय. ऑइल बदलून हे बरं होणार नाही. उद्या नाही, आजच गाडी दाखवा आणि दाखवेपर्यंत तुळजापूरला एसटीने जा. एबीएसच्या गाडीत इंजिन चालू असताना पेडल किंचित खाली जाणं साहजिक असतं, पण तुम्ही म्हणता तसं सावकाश खाली उतरत राहत नाही.

---

धाराशिवची_डॉक्टर

दाखवली काका. तेच निघालं. मास्टर सिलिंडर बदलला, त्याबरोबर सगळं ऑइलही नवं घातलं. आम्ही पेशंटला "दुखणं अंगावर काढू नका" म्हणतो आणि स्वतः आठवडाभर घाट उतरत होते.

---

एमएच२१_जालना

पेनासारखा टेस्टर मिळतो ना, बुडवला की हिरवा-लाल दिवा लागतो. तो घेऊन टाकावा, म्हणजे वर्षांचा वादच नको.

---

वाळूजवाला

पेन विजेचं वहन मोजतं, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं. ऑइल कुठल्या कंपनीचं, त्यात कुठली मिश्रणं, यावर आकडा हलतो. शिवाय तुम्ही बुडवता डबीत. जास्त पाणी असतं खाली चाकाजवळ, जिथं उष्णता आहे. लाल लागला तर बदला, हिरवा लागला म्हणून निश्चिंत राहू नका. नमुना प्रत्यक्ष तापवून उकळबिंदू दाखवणारं यंत्र खरं, पण ते नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नसतं. दोन वर्षांतून एकदाच्या ऑइलची किंमत त्या पेनापेक्षा फार नसेल.

रंगाचंही तसंच. काळं ऑइल म्हणजे रबराची आणि पाइपांची झीज त्यात मिसळली. पाण्याला रंग नसतो. पिवळंधमक दिसणारं ऑइलही ओलं असू शकतं.

---

नांदेडची_स्वारी

बदलून घेतलं आणि खरंच बदललं, यातला फरकही लिहा कुणीतरी. मागच्या वर्षी एका सर्व्हिस सेंटरने बिलात "ब्रेक ऑइल रिप्लेस" लावलं, मजुरीसकट. घरी येऊन चाकामागे टॉर्च मारली तर निपलवरच्या (ऑइल सोडायचा स्क्रू) रबरी टोप्यांवर पेरणीच्या वेळचा काळा चिखल जसाच्या तसा. सिरिंजने डबीतलं काढलं, वरून नवं ओतलं, झालं रिप्लेस! आता गाडी देण्याआधी प्रत्येक निपलच्या जोडावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. परत आल्यावर ठिपका मोडलेला दिसला तरच पैसे.

---

अंबाजोगाई_ते_सिडको

हा ठिपका मी चोरतोय.

सगळ्यांचे आभार. ठरवलंय, पुढच्या रविवारी अंबाजोगाईला जाऊन अण्णांसोबत घरीच करायचं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यातच होतं, प्लॅस्टिकही न फाडलेलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. डबीच्या झाकणावर डॉट ३ आहे. डॉट ४ टाकलं तर चालेल? आणि फिटर काका, क्रम आणि रीत सांगाल का?

---

वाळूजवाला

डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीचे. उलट करू नका, झाकणावर ४ असेल तर ३ नको. डॉट ५.१ पण त्याच घराण्यातलं. फक्त नुसतं डॉट ५ लांब ठेवा, ते सिलिकॉनचं, यांच्यात मिसळत नाही. ५ आणि ५.१ ही नावं ज्याने ठेवली त्याला एकदा घाटात बसवायला हवं.

बाटली सीलबंद घ्या आणि अर्धा लिटरच्या दोन घ्या, एक लिटरची एक नको. दुसरी लागली नाही तर बंद राहील.

---

निवृत्त_फिटर

रीत सांगतो. एबीएस नाही म्हणता, मग सोपं आहे. २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे. त्यांच्यातही नुसतं ऑइल बदलणं असंच होतं, पण चुकून डबी रिकामी होऊन एबीएसच्या ठोकळ्यात हवा गेली तर ती काढायला स्कॅनर लागतो. ज्यांना खात्री नाही त्यांनी तिथं हात घालू नये.

आदल्या रात्री चारही निपलना गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागी घ्या. चाकं काढणार असाल तर गाडी जॅकवर नको, स्टँडवर ठेवा. डबीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची धूळ पुसा, आणि कापसाचा बोळा वापरू नका. आपल्याकडे कापूस हाताशी असतो, पण त्याची एक तूस आत गेली की बारीक भोक बंद. धुतलेल्या जुन्या बनियनचा तुकडा घ्या.

सिरिंजने डबीतलं काळं काढा, नवं भरा. मग मागचं डावं चाक, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं आधी. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर मॅन्युअलचं ऐका.

निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीत नव्या ऑइलमध्ये बुडालेलं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल पाव आटा सोडतो, काळं बाहेर येतं, निपल बंद, मग "सोड". बंद करण्याआधी पाय सुटला की हवा आत शिरलीच म्हणून समजा. नळीत नवं स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत. दर पाच-सहा वेळांनी डबी बघा, ती रिकामी झाली की पहिल्यापासून.

जुन्या गाडीत आणखी एक. पेडल पार जमिनीला टेकवू नका. मास्टर सिलिंडरचा रोजचा चाललेला भाग गुळगुळीत असतो, पुढच्या न वापरलेल्या भागात घाण आणि गंज. तिथं रबर घासलं की फाटतं, आणि ऑइल बदलायला घेतलं म्हणून ब्रेक गेला असं होतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

निपल अडला तर जोर करू नका. आधी किंचित आवळून बघा, मग सोडा. उघड्या तोंडाचा पाना नको, रिंग पाना घ्या. तुटला तर रविवार गेला.

---

अंबाजोगाई_ते_सिडको

अहवाल.

रविवार गेला.

सुरुवात झकास झाली. अण्णा सीटवर, मी चाकाशी. "दाबा." "दाबलं." "धरून ठेवा." "धरलंय." "सोडा." शेजारचे काका पत्र्यावर बसून बघत होते. मागच्या डाव्या चाकातून पहिल्यांदा जे आलं ते ऑइल म्हणवत नव्हतं. तपकिरी, तळाला बारीक कचरा. अण्णा खाली उतरून बाटली उजेडात धरून बघत राहिले. म्हणाले, "मी तर गाडी जपून वापरतो रे." मला काय बोलावं सुचेना.

मागच्या उजव्याचा निपल हलेना. आवळून पाहिला, स्प्रे पुन्हा मारला, हातोडीने हलकं ठोकलं. मग माझा धीर सुटला, पान्याला पाइप लावला आणि कट्ट. काका, तुम्ही सांगितलं होतं, कबूल. तालुक्याच्या गॅरेजवाल्याला सोमवारी बोलावून घेतलं. त्याने चाकाचा सिलिंडरच काढला. आतली भिंत गंजून खड्डे पडलेली, रबराच्या मागे ओलं. म्हणजे आज ना उद्या गळणारच होता. नवा सिलिंडर बसवला, मग त्याच्याच हाताने उरलेली तीन चाकं पूर्ण केली. एकूण ऑइल साधारण पाऊण लिटर गेलं. दोन बाटल्या आणल्या ते बरं झालं.

मग इंजिन बंद ठेवून चार-पाचदा दाबलं, कडक. पाय दाबून ठेवून इंजिन चालू केलं तर पेडल किंचित खाली उतरलं. गॅरेजवाला म्हणाला, बूस्टर ठीक. शाळेच्या मैदानावर दहाच्या वेगाने पाच-सहा वेळा थांबवून बघितली, मगच रस्त्यावर.

डबीवर कापडी चिकटपट्टी लावून महिना-वर्ष लिहिलंय. अण्णांनी त्याच पट्टीवर खाली पुढच्या बदलीची तारीखही लिहिली, हिशेबाच्या वहीत लिहितात तशी, रेघ मारून.

काळं निघालेलं ऑइल काय करायचं? शेजारचे काका म्हणतात बांधावरच्या गवतावर टाका, मरतं.

---

परभणीचा_मास्तर

गवत मरेल, माती पण. विहिरीजवळ तर नकोच. घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर नाव लिहून, ज्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल जमा करून घेतात तिथं द्या. इंजिनच्या जळक्या तेलात मिसळू नका, वेगळं द्या. आणि बाटली पाण्याची वापरू नका, कुणीतरी पिईल.

---

एमएच२१_जालना

मी पाच वर्षांवरून तीनवर आलोय. त्याखाली येणार नाही, जालन्याच्या उन्हावर माझा विश्वास आहे.

---

वाळूजवाला

काही कंपन्या मॅन्युअलमध्ये तीन वर्षं देतात, तुमच्या गाडीचं तसं असेल तर चाललं. टॅक्सीवाले, रोज घाट करणारे, मागे ट्रॉली ओढणारे यांनी मात्र वर्षाला केलं तरी जास्त नाही. आणि क्लच हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर बऱ्याच गाड्यांत तो याच डबीतून ऑइल घेतो, त्याचाही निपल असतो. सगळे तो विसरतात.

---

कोरडवाहू_लातूर

सिडको भाऊ, उरलेलं पाव लिटर हाय का? इकडं पाठवून द्या. काल जीपच्या डबीचं झाकण उघडून बघितलं. बोट घातलं तर तळाला गाळ लागला. जीप पळूलाली, तक्रार न्हाई. पण पुढच्या महिन्यात पोरीला घेऊन माहूरला जायचंय.

---

अंबाजोगाई_ते_सिडको

दादा, उघडलेली बाटली आहे, घरात ठेवली तरी हवेतलं पाणी पिते म्हणतात. तुम्ही नवी सीलबंद घ्या.

---

निवृत्त_फिटर

लातूरकर, नुसतं ऑइल घालून माहूरचा गड चढू-उतरू नका. वीस वर्षांची जीप, गाळ दिसला म्हणजे रबरंही तशीच असणार. मास्टर सिलिंडर आणि चारी चाकांची किटं टाकून घ्या, होज पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या तर तेही. मागच्या अॅक्सलवर वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर बघा, काही गाड्यांत त्याला वेगळा निपल असतो, तिथलीही हवा काढावी लागते. आणि निपलना आजपासूनच स्प्रे मारा, रोज संध्याकाळी थोडा. पाइप लावू नका पान्याला.

---

कोरडवाहू_लातूर

लावत न्हाई. किटं किती रुपयाला येतेत ते सांगा.